मृत्युपत्र रजिस्टर नाही म्हणून खचू नका, आधी गुरुजींना गाठा

पत्र:

ताई, नमस्कार. लिहू की नको करत महिना गेला. मी ४७ वर्षांची, सातारा जिल्ह्यातली. माहेर आणि सासर एकाच तालुक्यात. आई २०१५ ला गेली, त्यानंतर नाना (माझे वडील) शेवटपर्यंत माझ्याकडेच होते. दोन्ही भाऊ पुण्याला. मार्च २०१९ मध्ये नानांनी मृत्युपत्र केलं, त्यात सगळी जमीन आणि गावठाणातलं घर माझ्या नावे लिहिलं. तहसील कचेरीसमोर टायपिंग करतात त्यांच्याकडून साध्या कागदावर टाईप करून घेतलं, रजिस्टर केलं नाही. साक्षीदार दोन, एक नानांचे मित्र, रिटायर्ड गुरुजी, आणि दुसरे नानांचे मावसभाऊ. मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी वारले, गुरुजी आता ८१ चे आहेत आणि मुलाकडे पिंपरीला असतात.

जमीन दोन गटांत आहे. अडीच एकर नानांनी १९८८ ला एसटीच्या पगारातून विकत घेतली, खरेदीखत आहे. दीड एकर आजोबांची. नाना गेल्यावर भावांनी वारस नोंदीचा अर्ज दिला, मी हरकत घेतली आणि मृत्युपत्राची झेरॉक्स दिली, पण सर्कलने (मंडळ अधिकाऱ्याने) "हे नोंदणीकृत नाही" म्हणून बाजूला ठेवलं आणि तिघांचीही नावं लावली. त्याला आता ४० दिवस झाले. आता दादा म्हणतो हा कागद रद्दी आहे, तुझं लग्न १९९८ ला झालं, तुला तसाही हिस्सा नाही, भाऊबीजेला ये आणि हक्कसोड करून दे. धाकटा गिऱ्हाईक बघतोय असं कानावर आलंय. एका एजंटने सांगितलं १५ हजार द्या, जुन्या तारखेचा स्टॅम्प लावून पक्कं करून देतो. मृत्युपत्रात एका गट नंबरात पेनाने दुरुस्ती पण आहे, ती त्याच वेळची आहे. आणि ताई, नाना सही करत होते तेव्हा मी तिथेच होते, चहा मीच केला होता. ते चांगलं की वाईट? भाऊबीजेला जाऊ का?

— एक बहीण


उत्तर:

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तालुका कोर्टात २२ वर्षं वकिली केली, त्यातली निम्मी भावाबहिणीच्या जमिनीच्या दाव्यात गेली, त्यामुळे तुम्ही जे लिहिलं नाही तेही दिसतंय मला. आधी एकच विचारते, गुरुजींची तब्येत कशी आहे? बाकीचं सगळं त्याच्या नंतर.

तुम्ही पत्रात सगळ्यात जास्त काळजी केलीय ती रजिस्टर नसल्याची. ती काळजी सोडा. नोंदणी कायदा १९०८ मध्ये कलम १७ ला कुठले दस्त नोंदवायलाच लागतात त्याची यादी आहे, मृत्युपत्र त्यात नाही, ते कलम १८ मध्ये आहे, म्हणजे नोंदवलं तर नोंदवलं, नाही तर नाही. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, साध्या वहीच्या कागदावर हाताने लिहिलेलं पण चालतं. सर्कलने जे कारण दिलं ते कायद्यात कुठेच नाही. हां, मृत्युपत्रावर वाद आहे म्हणून कोर्टात जा असं म्हणाले असते तर समजू शकले असते, पण "नोंदणीकृत नाही" हे कारणच चुकीचं आहे, आणि त्या नोंदीवर प्रांताकडे (उपविभागीय अधिकाऱ्याकडे) कराल त्या अपिलात पहिला मुद्दा हाच मांडायचा. आणि उलटंही लक्षात ठेवा, रजिस्टर असतं तरी भावांनी हरकत घेतलीच असती आणि तुम्हाला ते कोर्टात सिद्ध करावंच लागलं असतं. रजिस्टर केलेलं मृत्युपत्र कोर्टात पडलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मग खरं काय लागतं? भारतीय वारसा कायदा १९२५ चं कलम ६३. नानांनी सही केलेली हवी, आणि किमान दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी नानांना सही करताना बघितलंय किंवा नानांनी स्वतः त्यांना सांगितलंय की ही माझी सही, आणि त्या दोघांनी नानांच्या समोर सह्या केल्यात. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असलेच पाहिजेत असं नाही, पण नाना दोन्ही वेळेला समोर असलेच पाहिजेत. टाईप करणाऱ्याची सही खाली असेल तर ती साक्षीदाराची सही धरू नका, तो लेखनिक, त्याचं काम लिहिण्याचं. तरी त्याचं नाव शोधून ठेवा, नाना स्वतः चालत त्याच्याकडे आले होते, मजकूर त्यांनीच सांगितला, हे सांगायला तो उपयोगी पडेल.

आता गुरुजी. कायदा म्हणतो (पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६८ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६७) की साक्षीदार हयात असेल आणि कोर्टात येऊ शकत असेल तर किमान एकाने येऊन सांगितल्याशिवाय मृत्युपत्र पुराव्यात धरताच येत नाही. तुमच्याकडे दोनाचा एक राहिलाय आणि तो ८१ चा. माझी स्वतःची एक केस सांगते, नाव गाव नाही सांगत. बाई तुमच्यासारखीच, कागद स्वच्छ, खाडाखोड नाही, नवऱ्याच्या काकांनी केलेलं मृत्युपत्र. साक्षीदार दोघे म्हातारे पण ठणठणीत. आम्ही तारखा घेत राहिलो, समोरचे तारखा घेत राहिले, एक गेला, मग पावसाळ्यात दुसरा गेला. मग सह्या ओळखणारी माणसं आणून सिद्ध करायची वेळ आली, तशी सोय कायद्यात आहे, पण समोरच्या वकिलाने त्यातलं एकेक माणूस उलटतपासणीत सोलून काढलं आणि आम्ही हरलो. त्या बाईंचा चेहरा मला अजून आठवतो. म्हणून तुम्हाला सांगते, या रविवारी पिंपरीला जा.

जाताना मूळ कागद नेऊ नका, झेरॉक्स न्या. त्यांना काही शिकवू नका, पढवू नका, "असं सांगा हां गुरुजी" असं चुकूनही म्हणू नका. फक्त विचारा, काय आठवतंय. कुठे बसला होतात, नाना कुठे बसले होते, कुणी वाचून दाखवलं, नानांनी सही आधी केली का तुम्ही, आणि सगळ्यात महत्त्वाचं, मावसभाऊंनी सही केली तेव्हा तुम्ही तिथे होतात का. हे शेवटचं का ते सांगते. सुप्रीम कोर्टाचा २००२ सालचा जानकी नारायण भोईर विरुद्ध नारायण नामदेव कदम हा निकाल आहे, त्यात एकच साक्षीदार तपासला होता, त्याने स्वतःच्या सहीबद्दल सांगितलं पण दुसऱ्या साक्षीदाराने सही केली याबद्दल त्याला सांगता आलं नाही, दुसरा हयात असून त्याला बोलावलं नाही, आणि मृत्युपत्र सिद्ध झालं नाही. म्हणजे एक साक्षीदार पुरतो, पण त्या एकाने दोघांच्या सह्यांचं सांगितलं पाहिजे. गुरुजी म्हणाले की आम्ही तिघे एकाच वेळी होतो, तर तुमची बाजू खूप भक्कम. म्हणाले की नाही, त्यांची सही नंतर झाली, मी घरी गेलो होतो, तर केस नाजूक आहे, मग तो लेखनिक आणखी महत्त्वाचा होतो, आणि हे तुमच्या वकिलाला दावा लिहायच्या आधी कळलं पाहिजे, साक्षीच्या दिवशी नाही.

गुरुजींचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा, प्रांताकडे अपिलात लावता येईल. पण ते कोर्टातल्या साक्षीच्या जागी चालत नाही, म्हणून दिवाणी दावा लवकर लावायचा आणि पहिल्याच अर्जात कोर्टाला सांगायचं की साक्षीदार ८१ वर्षांचे आहेत, त्यांची साक्ष आधी नोंदवा, येता येत नसेल तर कमिशन नेमा. कोर्ट कमिशनर घरी जाऊन साक्ष घेतो, समोरच्या वकिलाला तिथेच उलटतपासणी करता येते, आणि ती साक्ष रेकॉर्डवर कायमची राहते. बरेच वकील हे आपणहून करत नाहीत, तुम्ही मागे लागा.

आता मूळ कागद. कुठे ठेवलाय? लॅमिनेशन केलं नसेल अशी आशा करते, केलं नसेल तर करू नका, शाई आणि सही तपासायला हस्ताक्षरतज्ज्ञाकडे द्यायची वेळ आली तर लॅमिनेशनमुळे अडचण होते. पंच मारू नका, स्टेपल करू नका, मागे पेन्सिलने सुद्धा काही लिहू नका. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सरळ ठेवा. तलाठी, सर्कल, प्रांत, कुणालाही मूळ प्रत द्यायची नाही, दाखवायची आणि परत घ्यायची, त्यांच्या फाईलला झेरॉक्स.

गट नंबरातली ती दुरुस्ती. तुम्ही म्हणता त्याच वेळची, मी विश्वास ठेवते, पण भाऊ म्हणतील बहिणीने नंतर केली. कायदा असा आहे की सही झाल्यानंतर केलेली दुरुस्ती, तिच्याजवळ नानांची आणि साक्षीदारांची सही नसेल तर, धरली जात नाही. मूळ आकडा वाचता येत असेल तर तोच धरला जातो. म्हणून भिंगाखाली बघा, खाली काय टाईप झालं होतं. एकाचा सात केलाय का, सातचा एक? आणि मग बघा की मृत्युपत्रात त्या जमिनीचं वर्णन अजून कशाने होतंय, क्षेत्र लिहिलंय का, चतुःसीमा लिहिल्यात का, "मी १९८८ साली खरेदी केलेली" असं काही वाक्य आहे का. वर्णनावरून जमीन कुठली ते स्पष्ट कळत असेल तर गट नंबरातल्या एका आकड्याने मृत्युपत्र रद्द होत नाही. पण आता त्या आकड्याच्या शेजारी गुरुजींची सही घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडून द्या. त्या एका सहीने खरा कागद खोटा होईल.

एजंटबद्दल पण तेच. १५ हजार घेऊन तो तुमच्या खऱ्या मृत्युपत्राची वाट लावेल आणि तुम्हाला फौजदारीत अडकवेल. जुन्या तारखेचा स्टॅम्प म्हणजे बनावट दस्त, दुसरं काही नाही. त्याचा फोन उचलू नका. (मृत्यूनंतरही मृत्युपत्र नोंदवायची कायदेशीर सोय आहे, दुय्यम निबंधकाकडे, त्याला मुदत नाही, ते चौकशी करून नोंदवतात. पण भाऊ हरकत घेणार, आणि नोंदलं तरी कोर्टात साक्षीदार लागणारच, म्हणून तुमच्या केसमध्ये मी त्यात वेळ घालवणार नाही.)

तुम्ही विचारलंय, मी तिथे होते ते चांगलं की वाईट. खरं सांगते, दुधारी आहे. ज्याला सगळं मिळतंय तोच मृत्युपत्र करताना पुढे पुढे होता असं दिसलं की कोर्टाला शंका येते, १९५८ च्या एच. वेंकटचला अय्यंगार निकालापासून हे चालत आलंय, आणि ती शंका दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर. पण वडील तुमच्या घरी राहत होते तर तुम्ही घरात असणारच, त्यात लपवायचं काय. लपवलंत आणि उलटतपासणीत निघालं तर मात्र संपलं. चहा केला, सांगा चहा केला. टायपिंगवाल्याकडे कोण घेऊन गेलं, पैसे कुणी दिले, मजकूर कुणी सांगितला, हे प्रश्न येतील, आणि नाना गुरुजींबरोबर स्वतः गेले असतील तर ती गोष्ट लाखमोलाची आहे. मृत्युपत्रात भावांना का दिलं नाही याचं कारण लिहिलंय का तेही बघा. "दोघांना शिक्षणाला आणि पुण्याच्या घराला पैसे दिले, मुलगी माझा सांभाळ करते" असं एक वाक्य असलं तरी कोर्टाला नानांचं मन दिसतं. नुसतं मुलांना वगळलं एवढ्यावरून मृत्युपत्र संशयास्पद ठरत नाही, मृत्युपत्र करतातच मुळी वाटणी वेगळी व्हावी म्हणून.

नानांची तब्येत मार्च २०१९ मध्ये कशी होती त्याचे कागद गोळा करा. डॉक्टरचा दाखला मृत्युपत्राला जोडलेला असावाच असं नाही, पण त्या महिन्यात ते स्वतः बँकेत जाऊन पेन्शन काढत होते, हयातीच्या दाखल्यावर सही करत होते, ग्रामसभेच्या रजिस्टरला सही आहे, हे सगळं दोन कामं करतं, माणूस शुद्धीत होता हे दाखवतं आणि सही जुळवायला त्याच काळातला नमुना मिळतो. २००५ ची सही २०१९ च्या सहीशी जुळत नाही, म्हाताऱ्या माणसाचा हात बदलतो.

आता जमिनीचा हिशोब, आणि इथे तुमच्या दादाचं बोलणं मला अजिबात पटलं नाही. "१९९८ ला लग्न झालं म्हणून हिस्सा नाही", हे साफ खोटं आहे. विकत घेतलेल्या जमिनीत तर मुलगी १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीची वारस आहे, लग्न झालेलं असो नसो. आणि वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मापासून हिस्सेदार झाली, त्यावर ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निकालात सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर वाटप किंवा कोर्टाचं वाटप झालं असेल तर ते उघडता येत नाही, तसं तुमच्याकडे काही झालेलं दिसत नाही.

गुंठ्यात मांडते म्हणजे डोळ्यासमोर येईल. खरेदीची जमीन १०० गुंठे, आजोबांची ६० गुंठे. आजोबांची जमीन खरंच वडिलोपार्जित धरली तर नाना, दोन भाऊ आणि तुम्ही असे चार हिस्से, प्रत्येकी १५ गुंठे. नानांना मृत्युपत्राने फक्त स्वतःचे १५ देता येतात, भावांचे १५-१५ देता येत नाहीत, मृत्युपत्रात "सगळी" लिहिलं असलं तरी. म्हणजे मृत्युपत्र टिकलं तर तुम्हाला १०० अधिक ३०, एकूण १३०. आणि मृत्युपत्र उद्या पूर्ण पडलं, एक ओळ टिकली नाही, तरी तुम्हाला खरेदीच्या जमिनीत तिसरा हिस्सा म्हणजे ३३ गुंठ्यांच्या थोडं वर, आणि आजोबांच्या जमिनीत २०. एकूण ५३ गुंठे, सव्वा एकराच्या वर, शिवाय घरात तिसरा हिस्सा. ताई, हे दोनदा वाचा. दादा तुम्हाला भीती घालतोय ती शून्याची, आणि शून्यावर तुम्ही येणारच नाही, फक्त एका गोष्टीने याल, ती म्हणजे हक्कसोड पत्रावरची तुमची सही. हक्कसोड रजिस्टर होतं, आणि एकदा केलं की ते मागे घ्यायला फसवणूक किंवा जबरदस्ती सिद्ध करावी लागते, त्यात दहा वर्षं गेलेल्या बायका मी बघितल्यात.

आजोबांच्या जमिनीत अजून एक मेख आहे. गावात आजोबांचं ते सगळं वडिलोपार्जित म्हणतात, कायद्यात तसं सरसकट नाही. आजोबांनी ती जमीन स्वतः मिळवली होती आणि ते १९५६ च्या नंतर वारले असतील, तर ती नानांकडे वारसाने आली ती त्यांच्या स्वतःच्या मालकीची, असं सुप्रीम कोर्टाने १९८६ च्या चंदर सेन निकालात धरलंय. तसं निघालं तर नाना ६० च्या ६० गुंठे मृत्युपत्राने देऊ शकत होते. म्हणून जुने फेरफार (सातबाऱ्यावरची नावं कशी बदलत गेली त्याच्या नोंदी) काढा, तहसीलच्या अभिलेख कक्षातून, आजोबांकडे जमीन कशी आली तो आणि आजोबांच्या वारसांचा तो. तेव्हाच बघा नानांना बहिणी होत्या का, आत्यांची नावं सातबाऱ्याच्या इतर हक्कात आहेत का, असतील तर वरचा ६० गुंठ्यांचा हिशोब बदलतो आणि त्याही दाव्यात येतात. खरेदीच्या जमिनीबद्दल भाऊ म्हणतील की घरच्या शेतीच्या उत्पन्नातून घेतली, म्हणून नानांच्या एसटीच्या पगाराचे कागद, सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर ते, १९८८ च्या आसपासचं जे सापडेल ते ठेवा.

आता मुदती. सर्कलच्या नोंदीवर प्रांताकडे अपील, ६० दिवस. तुमचे ४० गेले. पुढच्या आठवड्यात फेरफाराची आणि निकालाची नक्कल काढा आणि अपील टाका, यात हयगय नको. पण अपिलावर सगळी भिस्त ठेवू नका, कारण सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे मालकी नाही, ते सरकारी नोंदीपुरतं. मालकी दिवाणी कोर्ट ठरवतं. दाव्यात मागण्या अशा हव्यात की मृत्युपत्राप्रमाणे मी मालक आहे असं जाहीर करा, भावांना विक्री करायला मनाई करा, आणि "पर्यायाने" मृत्युपत्र सिद्ध झालं नाही तर माझा हिस्सा वाटून द्या. हे पर्यायाने विसरू नका. जाहीर करून मागायच्या दाव्याला ३ वर्षं मुदत आहे, तुमच्या बाबतीत नोंद झाल्यापासून घड्याळ चालू झालं असं धरून चला. प्रोबेटसाठी (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) कुणी पैसे मागितले तर लगेच देऊ नका, तुमच्यासाठी प्रोबेट सक्तीचं नाही.

धाकट्याच्या गिऱ्हाइकाचं. तिघांची नावं लागल्यामुळे तो स्वतःचा अविभक्त हिस्सा विकायला जाऊ शकतो. बरेच लोक रजिस्ट्रार ऑफिसला अर्ज देऊन येतात की माझी हरकत आहे, दस्त करू नका, आणि निवांत बसतात. त्या अर्जाने दस्त थांबत नाही. थांबतो तो कोर्टाच्या मनाई हुकमाने. दाव्याबरोबरच तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या, दावा चालू असल्याची नोटीस, लिस पेंडन्स म्हणतात ती, रजिस्टर करा, आणि स्थानिक पेपरात जाहीर नोटीस द्या. वाद आहे कळलं की शहाणं गिऱ्हाईक इसार देत नाही.

पैशाची अडचण असेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यात तसं लिहिलंय. वकील कसा मिळेल ते नशिबावर नाही, बोलून बघा, गुरुजींच्या साक्षीचं पहिलं कोण विचारतं त्यावरून ओळखा.

तडजोडीचं मी विरोधात नाही, उलट तुमच्या जागी मी दावा लावल्यावर तडजोडीचाच प्रयत्न करेन. आजोबांच्या ६० गुंठ्यांतला माझा भाग सोडते, खरेदीची जमीन आणि घर माझं मान्य करा, असं काहीतरी. भावांनाही त्या मातीचं काही वाटत असेल, नानांनी आपल्याला काहीच दिलं नाही हे त्यांना लागलंही असेल, ते मला समजतं. पण ते लोकन्यायालयात किंवा कोर्टाच्या मध्यस्थीत लिहून व्हायला हवं, तिथल्या निवाड्यावर अपील नाही, कोर्ट फी परत मिळते. मामांच्या ओसरीवर बसून तोंडी ठरलेलं चालणार नाही.

भाऊबीजेला जा. ते तुमचं माहेर आहे, सणाचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही. नवऱ्याला किंवा मोठ्या मुलाला बरोबर न्या. कुणी कागद पुढे केला, पांढरा असो की लिहिलेला, तर "वकिलांना दाखवून सांगते" एवढंच म्हणा, भांडू नका, कारण काढत बसू नका. आधार कार्ड आणि फोटो पर्समध्ये नेऊ नका, आणि "चल, जाता जाता तहसीलला एक अंगठा देऊन येऊ" असं कुणी म्हटलं तर गाडीत बसू नका.

गुरुजींकडे जाऊन आलात की ते काय म्हणाले आणि आजोबा कुठल्या साली वारले हे दोन्ही मला कळवा, साठ गुंठ्यांचं मी तेव्हा नीट सांगते.